काबाई

‘नाव काय टाकू?’ दुकानदारानं विचारलं. त्याच्या एका हातात नवा कोरा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात नाव कोरायचं ते विजेवरचं यंत्र, आणि काकू त्याच्याकडे पाहत नुसती उभी. नातवाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. माळ्यावरची तांब्यापितळेची मोड आम्ही दोघींनी सकाळी ऑटोत घातली आणि तालुक्याला आणली. कोपर, दोन गंगाळं, चेपलेली परात, कान तुटलेलं एक घमेलं आणि आजीचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड. मोडीच्या पैशात स्टीलचे डबे, गंज, जेवणाची ताटं घ्यायची असं ठरलेलं. चैत्राचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं, रस्त्यावर उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. ‘मावशी, नाव सांगा न, लाइन जाईन,’ तो पुन्हा म्हणाला. काकूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान फिरवून नातवाचं नाव सांगितलं. यंत्र टर्रर्र करत डब्यावर फिरलं.

तो क्षणभराचा गप्पपणा मी विसरलेही असते. पण त्याच्या दहाच मिनिटं आधी दुसरं काहीतरी घडलं होतं, आणि ते मी कुणालाच बोलले नव्हते. काट्यावर ठेवण्यासाठी दुकानातल्या पोऱ्यानं आजीचा गुंड उलटा केला तेव्हा त्याच्या गळ्याशी, काठाखाली, मला अक्षरं दिसली. पूर्वी छिन्नीनं टिंबाटिंबांनी नाव घालत, तशी. आयुष्यभर तो गुंड पाहिला, पण अक्षरं कधी दिसली नव्हती, कारण ती दिसण्याजोगी उरलीच नव्हती. ऊन तिरपं पडलं म्हणून दिसली. ‘...काबाई हिस आईक...’ एवढंच. पुढची अक्षरं गेलेली, मागचीही गेलेली. मी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात काकू भावासाठी घासाघीस करायला लागली, काटा हलला, पोऱ्यानं गुंड उचलून मागच्या ढिगावर टाकला. ठण्ण असा आवाज झाला. मी काही बोलले नाही.

का बोलले नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आजीला आम्ही बुढीमाय म्हणायचो. गाव तिला आमच्या आजोबांच्या नावानं ओळखायचं, आणि रेशनकार्डावर सासरी ठेवलेलं नाव होतं. लग्नात नवरीचं नाव बदलायचं, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं की आधीचं नाव कुठं जातं असा प्रश्नही कुणाला पडत नाही. तिचं माहेरचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. आणि ते इतकी वर्षं आमच्याच घरात, पाण्याच्या डेऱ्यावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठेवलेलं होतं. ‘काबाई’च्या आधी काय असेल? द्वारका? अंबिका? रेणुका? राधिका? ‘आईक’ म्हणजे ‘आईकडून’ हे उघड आहे. म्हणजे हा गुंड तिला तिच्या आईनं दिला होता. रुखवतातल्या भांड्यांवर बहुधा बापाचं, मामाचं नाव असतं. इथं कुण्या एका बाईनं आपल्या लेकीच्या नावानं गुंड घेतला, त्यावर लेकीचं नाव घालून घेतलं आणि स्वतःला नुसतं ‘आई’ म्हटलं. पैसे कुठून आणले असतील तिनं? कापूस वेचून? घरच्यांना न सांगता?

आणि नाव पुसलं कुणी, तर आजीनंच. चिंच आणि राख घेऊन ती रोज तो गुंड घासायची. अंगणातल्या दगडावर बसून, गुडघ्यात गुंड धरून, नारळाच्या शेंडीनं गोल गोल. गुंड असा लखलखायचा की त्यात लिंबाचं झाड दिसे. साठेक वर्षांच्या त्या घासण्यात एकेक टिंब झिजत गेलं. ती ते कुणाला वाचून दाखवू शकत नव्हती, कारण तिला वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव तिथं आहे हे तिला माहीत असणारच. घासताना त्या जागी अंगठा जरा थांबत असेल का, हे मला आता कधीच कळणार नाही.

घरी येताना ऑटोत मी काकूला सांगितलं. ती बराच वेळ पदरानं घाम पुसत राहिली. ‘आता सांगून राहिली का तू?’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘जाऊ दे व. नावानं काय डाय शिजते?’

त्या रात्री ओसरीवर बाज टाकून पडले, पण झोप येईना. तांब्यावरचं नाव म्हटलं की मला आमच्या बाजूच्या रिद्धपूरचा ताम्रपट आठवतो. मोर्शी-चांदूरबाजारकडची माणसं रिद्धपूरला जातात ती महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या स्थानाला. पण त्याच गावात वाकाटकांच्या राणीचा, प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला होता. सोळाशे वर्षांपूर्वीची ही बाई. नवरा रुद्रसेन दुसरा लवकर गेला, पोरं लहान, आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, तिनं राज्य चालवलं. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची, शंख कोरलेली मातीची मुद्रा निघाली. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात असतं. मला त्यातलं जे कायम खुपतं आणि सुखावतंही ते वेगळंच आहे. तिच्या ताम्रपटांत वंशावळ सुरू होते ती सासरच्या वाकाटकांपासून नाही, माहेरच्या गुप्तांपासून. गोत्र सांगते ते बापाचं, धारण गोत्र. आणि आईचंही नाव घालते: नागकुळातली कुबेरनागा. स्वतःला ती ‘उभयकुलालंकारभूता’ म्हणते, दोन्ही कुळांचं भूषण. सासरच्या गादीवर बसून, सासरच्या पोराचा कारभार पाहत, तिनं बाप आणि आई दोघांना तांब्यात लिहून ठेवलं.

पुण्यात सापडलेल्या तिच्या दुसऱ्या ताम्रपटाची गोष्ट तर मला त्या रात्री सहनच होईना. ते दोन पत्रे मिळाले एका तांबटाच्या घरात. ज्याचा धंदाच तांबं वितळवून भांडी घडवण्याचा, त्याच्या घरी ते वाडवडिलांची ठेव म्हणून जपलेले होते. त्या घरातल्या कुणाला ती अक्षरं वाचता येत असतील असं नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या एकानंही ते भट्टीत टाकले नाहीत. मला तर मराठी वाचता येत होतं. ऊनही सोयीचं पडलं होतं.

एवढी मोठी राणी आणि आमची बुढीमाय यांची तुलना करू नये असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. थोर बायांची नावं आपण शाळेत घोकली. जिजाऊ आपल्याच सिंदखेडराजाच्या, म्हणून 12 जानेवारीला बुलढाण्याकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात, आणि ते पाहताना माझाही ऊर भरून येतो. पण ही नावं टिकली कशी, हा प्रश्न मला त्या गुंडानंतरच पडला. चंद्रपुरात महाकालीच्या चैत्रयात्रेला आलेली गर्दी देवीपुढे माथा टेकते. ते देऊळ बांधणारी गोंड राणी हिराई. तिनं नवऱ्याची, बीरशहाची, समाधीही बांधली. दगड पैसेवाल्याला परवडतो. ज्यांना तांबं आणि दगड दोन्ही परवडत नाही त्यांचं काय उरतं? कधी एखादं पुस्तक. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. 1882 साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं. सुरतेकडच्या एका विधवेच्या खटल्यावरून सगळे पुरुष बायांच्या चारित्र्यावर तुटून पडले होते, आणि बुलढाण्यासारख्या ठिकाणी बसलेल्या या बाईनं त्यांनाच उलट विचारलं की हे सगळे दोष तुमच्यात नाहीत काय. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. आणि नंतर? ते पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की अशी एक बाई होऊन गेली. मधली त्र्याण्णव वर्षं ती कुठं होती? ढिगातच होती. कुणीतरी उलटून पाहिलं, एवढंच.

लग्नाचा सोहळा आटोपल्यावर काकू म्हणाली, रिद्धपूरला जाऊन येऊ. माहेरकडून ती महानुभाव, दरवर्षी एकदा तरी जातेच. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, कुठं पाटाचं पाणी सोडलेलं, ओल्या मातीचा वास खिडकीतून येत होता. काकू स्थानाला डोकं टेकवायला आत गेली आणि मी बाहेर ओट्यावर बसले. मला तिथं गेलं की महदाइसा आठवते. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो; तिचं मूळ नाव रूपाई. गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून तिनं धवळे रचले, रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. रुक्मिणी पण इथलीच, वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची. म्हणजे वऱ्हाडच्या एका बाईचं लग्न वऱ्हाडात बसून दुसऱ्या बाईनं गायलं, तेही लग्नघरात बाया गातात त्याच चालीवर. महदाइसा सारखी प्रश्न विचारायची. चक्रधर तिला जिज्ञासक म्हणत, चर्चक म्हणत. बाईनं फार विचारू नये असं सांगणाऱ्या जगात तिच्या विचारण्याची कुणी नोंद करून ठेवली, हेच मला मोठं वाटतं.

आणि याच पंथातला तो प्रसंग. शिष्यांपैकी केशवराज व्यासांना संस्कृतात लिहायचं होतं. चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. म्हणाले, नको, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. नागवणं म्हणजे लुटणं. ज्या बायांना संस्कृत येत नाही त्यांच्या हातून त्यांचं सगळंच जाईल, म्हणून मराठीत लिहा. मी हा प्रसंग पंचवीसेक वर्षांपूर्वी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या ओट्यावर बसून पहिल्यांदा मला त्यातल्या म्हाताऱ्या दिसल्या. नऊवारीचा काष्टा सावरत, गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या, दात पडलेल्या, कान देऊन ऐकणाऱ्या. आज रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय. झालं ते चांगलंच झालं. पण ही भाषा इथं लिहिली गेली त्याच्या कारणांत त्या म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

काकू बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला माती लागली होती. ‘काय इचार करून राहिली?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, बुढीमायचा. ती माझ्या शेजारी बसली. पिशवीतून फुटाणे काढले.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मी आजीविषयी अर्धंच लिहीन. ज्या विहिरीवर तो गुंड भरला जायचा, त्या विहिरीवर गावातल्या सगळ्या बायांना पाणी भरता येत नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बाया तेव्हा लांबच्या नाल्यावर झिरा खोदून पाणी आणत. आजी हे सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात काही बदलत नसे. पाऊस पडतो, तसं हे असतं, अशा सुरात. मला तो सूर आजही आठवतो आणि लाजेनं मान खाली जाते. आजीच्या तारुण्याच्याच काळात, 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. पंचवीसेक हजार बाया आल्या होत्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. काडीमोडाचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीतल्या बायांना रजा मिळावी, असे ठराव झाले. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका आणि नवऱ्याची गुलाम होऊन नको, मैत्रीण होऊन राहा. आमच्या घरातल्या बायांना त्या वेळी दारात उभं राहायचं तर पदर डोळ्यांपर्यंत ओढावा लागे. गावानं ज्यांना पाण्यापासून दूर ठेवलं त्या काडीमोडाचे ठराव करत होत्या, आणि गुंडवाल्या आम्ही आपलं नावसुद्धा घासून टाकत होतो. नागपूरच्या जाईबाई चौधरी, मूळच्या उमरेडच्या. ओझी वाहून पोट भरणारी ही बाई शिकली, मास्तरीण झाली, आणि 1922 साली मुलींसाठी शाळा काढली तेव्हा शाळेला नाव दिलं संत चोखामेळ्याचं. नाव ठेवण्याची संधी मिळाली की माणूस कुणाला आठवतं त्यावरून बरंच कळतं.

नावावरून सिंधुताई सपकाळांचं आठवलं. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेत जन्मल्या तेव्हा घरच्यांनी नाव ठेवलं चिंधी. नको असलेली पोरगी, फाटकं फडकं. हे त्या भाषणात स्वतः सांगायच्या, हसवत हसवत, आणि समोरच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. पुढं हजारो पोरं त्यांना माई म्हणाली. पण चिंधी हे नाव त्यांनी लपवलं नाही. मला वाटतं लपवलं असतं तर त्या भाषणातला अर्धा जीव गेला असता.

आता सरकारी कागदांवर 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव येतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमच्या शेजारच्या पोराच्या जन्मदाखल्यावर मी पाहिलं. त्याच्या आईचं ते सासरी ठेवलेलं नाव आहे. तरी बरं वाटलं. ज्या आईनं गुंडावर स्वतःला नुसतं ‘आई’ म्हटलं, तिला हा दाखला दाखवावासा वाटला.

रिद्धपूरहून परतताना मी काकूला म्हटलं, तालुक्याला उतरू, दुकानात बघू. ती काही न बोलता उतरली. दुकानदार भला माणूस. त्यानं मागचं दार उघडून दिलं. ढीग होता, पण दुसरा होता. आमची मोड आठ दिवसांतच गाडीत भरून गेलेली. ‘गेली न ताई ते. आतालोक तं गायली बी असन.’ गाळली असेल, म्हणजे वितळवली. मी तरीही त्या ढिगाजवळ उकिडवी बसले. एकेक भांडं उन्हाकडे धरून फिरवायला लागले. परातीच्या काठावर, तपेल्याच्या गळ्यावर, गडव्याच्या बुडाशी. ‘हिस’, ‘यांचेकडून’, ‘चि. सौ. कां.’ एकावर नुसती तारीख, एकावर नुसतं ‘बाई’. कुणाकुणाच्या घरांतली कुणाकुणाची लग्नं तिथं एकमेकांवर पालथी पडली होती. हात काळे-हिरवे झाले, तांब्याचा तो कळकट वास बोटांना चिकटला. काकू दारात उभी राहून पाहत होती. घाई कर म्हणाली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर काकू आतल्या खोलीत गेली. कणगीमागे बराच वेळ खुडबुड चालली होती. बाहेर आली तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेला पितळी गडवा होता. मोडीसाठी आम्ही माळा रिकामा केला तेव्हा हा कुठंच नव्हता. ‘माह्या मायनं देला होता,’ ती म्हणाली. ‘मोडीत टाकाची हिंमत नाही झाली, म्हणून मांगं ठुला.’ गडवा चिंचेनं घासलेला नव्हता. काळवंडलेला, आणि त्यामुळे काठाखालची टिंबं सगळीच्या सगळी शाबूत. माझ्या मोबाईलच्या उजेडात ती सोन्यासारखी चमकली. तिचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. ते इथं लिहू का म्हणून विचारलं तर ‘कायले?’ म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

‘वाच,’ ती म्हणाली. ‘माय गेल्यापासून कोनं घेतलं नाही.’

मी वाचलं. चार अक्षरं. काकूनं डोळे मिटलेले होते, एक हात गडव्यावर होता.

‘पुन्हा वाच व.’